बोअरच्या गाडीचा पीळ

1972 चा दुष्काळ म्हटलं की आपल्याला सुखडी आठवते, मिलो आठवतो, रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं आठवतात. पण त्या दुष्काळाला एक लोखंडी बाजूही आहे. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, मुख्यालय आपल्या पुण्यात. विहिरी आटलेल्या, आणि खाली काळा बेसाल्ट. पहार आणि सुरुंग घेऊन किती खोल जाणार? म्हणून विंधन विहीर, लोकांच्या भाषेत बोअर.

बेसाल्टला नुसतं फिरवून भोक पडत नाही. रॉडच्या टोकाला, भोकाच्या तळाशी, हवेवर चालणारा हातोडा असतो. तो ठोके मारतो, रॉड फक्त सावकाश फिरत राहतो. (हवेच्या यंत्रांचं पुण्याला नावीन्य नव्हतं, दापोडीला अॅटलास कॉप्को होतीच.) म्हणजे गंमत बघा, भोक पाडताना पिळाचा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, तो बेताचाच लागतो. खरा लागतो तो रॉड वर काढताना. ठोक्यांनी आणि फिरण्याने जोडाचे आटे आणखी आवळले जातात, त्यामुळे जोड बसवताना लावलेल्या जोरापेक्षा सोडवायला जास्त जोर लागतो. 60 मीटरचं बोअर आणि 3 मीटरचे रॉड धरले, तर असे वीसेक जोड.

हातांनी सोडवायचे म्हणजे साखळीचा पाना, त्याच्या दांड्यावर लांब पाइप, आणि त्याला लोंबकळणारी दोन-तीन माणसं. पाना सटकला की कुणाचं मनगट, कुणाचे दात. तेलदाबावर चालणारी मोटर आणि जोड पकडणारा जबडा गाडीवर आला, तेव्हा हे काम यंत्राकडे गेलं. पण यंत्राचा जोर कमी पडला की तोच लांब पाइप पुन्हा बाहेर निघतो. म्हणून ‘गाडीत दम नाही’ या तक्रारीचं निदान मला महत्त्वाचं वाटतं.

अशा वेळी पहिला संशय नेहमी पंपावर. का? कारण पंप दिसतो, आवाज करतो, आणि महाग असतो! पण पंप दाब तयार करत नाही. तो तेल ढकलतो. पुढे अडथळा आला की दाब चढतो. प्रवाहाने वेग ठरतो, दाबाने पीळ. पास्कलने सतराव्या शतकात दाबाचा नियम मांडला, ब्रामाने 1795 मध्ये त्यावर प्रेसचं पेटंट घेतलं, पण कामाच्या जागी दाब सहज वाचता येईल असं बूर्दोंचं गेज यायला 1849 उजाडलं. गेज नव्हतं तोवर अंदाजच. आणि खरं सांगायचं तर गेज असूनही आपण बऱ्याचदा अंदाजच करतो, कारण ते पंपाशेजारी बसवलेलं असतं आणि पीळ तयार होतो मोटरवर.

एक हिशोब करू. समजा मोटर दर फेऱ्याला 400 घनसेंटीमीटर तेल घेते आणि आत-बाहेरच्या दाबातला फरक 140 बार आहे. घर्षण सोडून दिलं तर पीळ सुमारे 890 न्यूटन-मीटर. आता परतीचा फिल्टर तुंबला आणि परतीच्या नळीत 30 बार दाब साचला. पुढचं गेज 140 च दाखवतंय, पण फरक उरला 110, पीळ 700. पंप ठणठणीत, गेज खरं, आणि जोड सुटत नाही! म्हणून मोटरच्या दोन्ही तोंडांशी दाब मोजायचा, तोही जोड अडकलेला असताना. मोकळ्या फिरणाऱ्या मोटरवर मोजून काही कळत नाही.

अडकलेल्या जोडावर दाब ठरल्याइतका चढतच नसेल, तर तेल कुठून तरी पळतंय. रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकला असेल, किंवा पंप वा मोटर आतून झिजली असेल. मोटरच्या गळतीची नळी सोडून तेल मोजलं की मोटरपुरतं उत्तर मिळतं. सकाळी जोर ठीक आणि दुपारी कमी, हे आतल्या झिजेचं लक्षण. तेल तापून पातळ होतं आणि फटींतून जास्त पळतं. दुष्काळातली बोअरं ऐन उन्हाळ्यात व्हायची, वर दगडाची भुकटी उडालेली. ती तेलात गेली की झीज आणखी वाढते.

इथे एक वाईट सवय सांगितलीच पाहिजे. जोर कमी वाटला की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा. झीज तशीच राहते, तेल आणखी तापतं, आणि ज्या दाबासाठी नळी बनलेलीच नाही तो दाब तिच्यावर येतो. तापलेल्या तेलाची नळी फुटते तेव्हा तिच्याजवळ उभा असतो तो रॉड धरणारा पोऱ्या.

आणि दोन्ही बाजूंचा दाब बरोबर असूनही जोड सुटत नसेल, तर तेलाकडे बघणं थांबवायचं. जबड्याचे दाते बघायचे. ते गुळगुळीत झाले असतील तर रॉडवर ताज्या चकचकीत रेघा दिसतात: पीळ तयार होतोय, पण पकड घसरतेय.