टाळू शिवली, वाचा राहिली

मूल ‘बाबा’ म्हणायला जातं आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येतं. घरात हसं होतं. तीन वर्षांचं होऊनही बाबांचा मामाच होत राहिला की आईवडील आमच्याकडे, वाचोपचार करणाऱ्यांकडे, येतात. मी नाकपुड्यांखाली छोटा आरसा धरते आणि ‘पपई’ म्हणायला सांगते. आरसा धूसर झाला तर तोंडातली हवा नाकात निसटते आहे, म्हणजे मृदू टाळू आपलं काम करत नाही.

टाळूचं हाड जिथे संपतं तिथून मागे पडजिभेपर्यंतचा मऊ भाग म्हणजे मृदू टाळू. त्यात स्नायूंच्या पाच जोड्या आहेत. माझ्या दृष्टीने त्यांतली एक सगळ्यांत महत्त्वाची. ती कवटीच्या तळापासून दोन्ही बाजूंनी उतरते, मधोमध एकत्र येते आणि टाळूला वर व मागे खेचून घशाच्या भिंतीला टेकवते. प, ट, क म्हणताना नाकाकडे जाणारा हा रस्ता बंद हवा. म आणि न म्हणताना उघडा. एका वाक्यात ही उघडझाप किती वेळा होते, याचा पत्ता बोलणाऱ्याला नसतो. पडजिभेला मात्र लोक उगाच फार मान देतात. सुश्रुतसंहितेत वाढलेली पडजीभ जिभेवर ओढून कशी छाटायची ते दिलंय. जास्त कापली तर रक्त वाहून माणूस दगावेल, हा इशाराही आहे. पण बोलण्यात पडजिभेचा वाटा थोडाच.

काही मुलांची टाळू जन्मतः दुभंगलेली असते आणि हा रस्ता बंद होतच नाही. अशी टाळू शिवता येईल, हे युरोपात बराच काळ कोणाला पटत नव्हतं. सोळाव्या शतकात आम्ब्रुआज पारे गोळीने किंवा रोगाने टाळूला पडलेलं भोक धातूच्या पत्र्याने झाकत असे. पत्र्याला स्पंज बांधलेला असे. ओलाव्याने फुगला की पत्रा जागेवर राही. पहिले टाके कोणी घातले यावर पुढे बरीच भांडणं झाली. बर्लिनच्या ग्रेफेने १८१६ साली घातले, पॅरिसच्या फिलिबेर रूने १८१९ साली. भांडणात मला रस नाही. मला रस आहे तो रूच्या रोग्यात.

तो होता मॉन्ट्रियलचा जॉन स्टीफनसन, स्वतः वैद्यकाचा विद्यार्थी. भूल नव्हती, ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून सत्तावीस वर्षं होती. जागेपणी, तोंड उघडं ठेवून, घशाच्या तोंडाशी सुई टोचून घ्यायची आणि उबळ दाबून धरायची. लहान मूल हे करूच शकत नाही. म्हणून त्या काळातले टाळूचे रोगी बहुधा मोठे, समजते असत. स्टीफनसनने पुढच्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठाला एम.डी.चा प्रबंध सादर केला तो याच शस्त्रक्रियेवर, लॅटिनमध्ये. रोगी तोच, लेखकही तोच. मग मॉन्ट्रियलला परतून सहकाऱ्यांबरोबर त्याने वैद्यकशाळा काढली. तीच १८२९ साली मॅकगिल विद्यापीठाची वैद्यक शाखा झाली. तिथे तो शरीररचना शिकवत असे. शिवलेल्या टाळूने व्याख्यानं देणारा हा प्राध्यापक मला ऐकायला मिळायला हवा होता.

पण सगळेच रोगी स्टीफनसन नव्हते. टाके उसवत. का उसवतात हे लंडनच्या विल्यम फर्ग्युसनने १८४४ साली दुभंगलेल्या टाळूचं शवविच्छेदन करून शोधलं. टाळू उचलणारे स्नायूच दोन्ही कडांना बाहेर ओढतात, हे त्याने बरोबर ओळखलं. निदान अचूक आणि त्यावरचा उपाय असा की मी कपाळाला हात लावते: स्नायूच कापून टाका! ओढ गेली, टाके टिकले, भोक बुजलं. ज्या स्नायूने टाळू उचलायची तोच निकामी झाला. फर्ग्युसनला दोष देणं सोपं आहे. त्याच्यापुढे प्रश्न जखम भरण्याचा होता आणि तो त्याने सोडवला. टाळू म्हणजे एक पडदा, फाटला की शिवायचा, एवढंच त्या पिढीच्या डोक्यात होतं. १८६१ साली लांगेनबेकने हाडावरचा थर अस्थिवेष्टनासकट उचलून मध्ये आणला. टाके आणखी पक्के झाले. गेंगाणेपणा मात्र अनेकांचा तसाच राहिला.

हिशेब बदलला तो पॅरिसमध्ये. व्हिक्टर व्हो हा शल्यविशारद आपण शिवलेली मुलं पुढे बोलतात कशी, हे विचारू लागला. त्यासाठी १९२६ पासून त्याने सुझान बोरेल या ध्वनिशास्त्र शिकलेल्या तरुणीला सोबत घेतलं. दोघांच्या कामातून १९३१ साली दुभंगलेल्या टाळूवरचा मोठा ग्रंथ निघाला. शस्त्रक्रियेचं यश रोग्याच्या उच्चारावरून मोजायचं, हा त्याचा आग्रह. स्नायूला स्नायू जोडलाच पाहिजे, हेही व्हो ठासून सांगत होता. आमच्या व्यवसायाची एक आजी म्हणून मी बोरेलबाईंकडे पाहते. शल्यचिकित्सेच्या इतिहासात त्यांचं नाव तळटीपेत जातं, याचा रागही येतो.

तरी नेमका दोष कुठे आहे हे १९६९ साली जर्मनीच्या ओटो क्रीन्सने स्पष्ट मांडलं. दुभंगलेल्या टाळूत स्नायू नुसता तुटलेला नसतो, त्याची दिशाच चुकलेली असते. आडवा जाण्याऐवजी तो मागून पुढे धावतो आणि कठीण टाळूच्या कडेला चिकटतो. म्हणून तो आधी हाडावरून सोडवायचा, आडवा फिरवायचा आणि मगच दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराशी सांधायचा. फ्लोरिडाच्या लेनर्ड फर्लोने १९८६ साली छापलेली पद्धत तर आणखी चलाख: झेड आकाराच्या दोन छेदांत टाळूची लांबीही वाढते आणि स्नायूही सरळ आडवा येतो.

शस्त्रक्रिया झाली की काम संपलं, असं समजून घरचे निर्धास्त होतात. पण टाळू उघडी असताना मुलाने घशातल्या घशात आवाज काढायची सवय लावून घेतलेली असते. स्नायू नीट जोडला तरी ती सवय आपोआप जात नाही. ‘काका’चा क जिभेच्या मागच्या भागाने म्हणायला शिकवावंच लागतं. त्याआधी मला एक माहिती हवी असते. शस्त्रक्रियेनंतर हातात येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा ‘टाळू बंद, छिद्र नाही’ इतकंच लिहिलेलं असतं. स्नायू फिरवला का, हे मला फोन करून विचारावं लागतं.