शब्दवेध : कला-विकला

‘कला’ म्हणजे मुळात लहानसा भाग. चंद्राचा सोळावा हिस्सा ती चंद्रकला, आणि अंशाचा साठावा हिस्साही कलाच. कलेचे पुन्हा साठ भाग केले की विकला. जुन्या ज्योतिषग्रंथांत कलेला ‘लिप्ता’ही म्हणत. हा शब्द ग्रीक ‘लेप्तॉन’वरून आला, त्याचाही अर्थ बारीक. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या थोर ग्रंथात ही सगळी मापं भेटतात.

दशांशातला अक्षांश या मापांत मांडणं सोपं आहे. रत्नागिरीचा अक्षांश दशांशात सुमारे १६.९९ अंश. त्यातल्या ०.९९ ला ६० ने गुणलं की ५९.४, म्हणजे ५९ कला. उरलेल्या ०.४ ला पुन्हा ६० ने गुणलं की २४ विकला. झालं!

अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १,८५२ मीटर. त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या म्होरक्याला, हा हिशेब पुस्तकी नाही. ‘१६ अंश ५९ कला’ हे कुणी १६.५९ असं टिपलं, तर नौका सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला, पार विजयदुर्गाच्या बाजूला जाईल. जीपीएसमध्ये आकडा भरण्याआधी तो दशांशात आहे की कलांमध्ये, एवढं जरूर पाहा.