काशाची वाटी, कोरे पान आणि काळेपणाचा प्रश्न

आपल्या देशात भांड्यांचा इतिहास हा माणसांच्या दर्जाचा इतिहास आहे. कोणी कशात जेवावे, कोणी कोणत्या भांड्याने पाणी भरावे, याचे नियम येथे धर्माने केले आणि गावाने पाळले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर ठेवली आहे. त्यांना ‘अपपात्र’ म्हटले आहे. फुटक्या भांड्यात जेवायला आणि लोखंडाचे दागिने घालायला सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. पण ग्रंथ जळाला म्हणून गावाची सवय जळत नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची हकिगत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया पाण्यासाठी धातूची भांडी वापरू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारले. चोरी नाही, शिवीगाळ नाही. कमरेवर मडक्याऐवजी धातूचे भांडे होते, हाच गुन्हा!

हा इतिहास आज आठवण्याचे कारण एक जाहिरात आहे.

भंडारा हे नाव आपल्या चळवळीला १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीमुळे ठाऊक आहे. येथूनच बाबासाहेब उभे राहिले आणि पराभूत झाले. या शहराची दुसरी ओळख पितळेची. ‘भाणे’ म्हणजे धातूचे भांडे, त्यावरून भंडारा, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. शहराच्या पश्चिमेला, नागपूरच्या रस्त्यावर शहापूर आहे. तेथून कॉलेजात येणारी वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी प्रकल्पाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. विषय होता : घरी वापरायच्या त्वचानिगेच्या एका साधनाची ‘मिनिमल’, म्हणजे कमीत कमी शब्दांची आणि कमीत कमी चित्रांची जाहिरात तयार करणे. तिने साधन निवडले होते काशाची वाटी. मी इतिहास शिकवतो, म्हणून वाटीचा इतिहास तिला माझ्याकडून हवा होता.

काशाची वाटी मराठी घरांना नवी नाही. तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू म्हणजे कासे. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबे, बावीस भाग कथील. ते घडवणारा म्हणून तो कासार. या वाटीने तळपायाला तूप किंवा तेल लावून घासायचे, म्हणजे पायांची आग थांबते, झोप लागते, असा घरोघरचा अनुभव. आज हीच वाटी लाकडी मुठीवर बसवून चेहऱ्यावर फिरवायचे सौंदर्यसाधन म्हणून विकली जाते. विद्यार्थिनीच्या कागदावर पांढरी जमीन होती, मधोमध वाटी होती आणि खाली दोनच ओळी होत्या : ‘काळे जाऊ द्या. घरच्या घरी.’

चित्र देखणे होते. अशा जाहिराती हल्ली सर्वत्र दिसतात, त्यामुळे तिचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. पण त्या कागदावरच्या तीन गोष्टी मला इतिहासाकडे घेऊन गेल्या : कोरी जागा, ‘घरच्या घरी’ हे दोन शब्द, आणि ‘काळे’ हा एक शब्द.

प्रथम कोऱ्या जागेविषयी. जाहिरातकलेच्या इतिहासात १९५९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या फोक्सवागन मोटारीच्या जाहिरातींचा उल्लेख नेहमी होतो. पान जवळजवळ सगळे कोरे, त्यात एक लहानशी मोटार, आणि आकाराने लहान असण्याचाच अभिमान सांगणारा मजकूर. मोठेपणाची बढाई मारणाऱ्या बाजारात हा संयम उठून दिसला. परंतु या संयमाचे अर्थशास्त्र ध्यानात घेतले पाहिजे. वृत्तपत्रात जाहिरातीचा दर जागेवर ठरतो. भरलेल्या सेंटिमीटरला जे पैसे, तेच कोऱ्या सेंटिमीटरला. म्हणून गावचा दुकानदार विकत घेतलेली जागा तिळभरही रिकामी सोडत नाही. मालाची यादी, पत्ता, सणाच्या शुभेच्छा, सगळे कोंबतो. त्याला सौंदर्यदृष्टी नाही असे म्हणणे सोपे आहे. त्याला कोरेपणा परवडत नाही हे म्हणणे खरे आहे. आपली नियतकालिकेही बारीक टाइपात, समास आखडून निघत आली. कागद महाग आणि सांगायचे खूप, अशी आपली स्थिती. कोरे पान ही सांगण्यासारखे ज्यांचे आधीच सांगून झाले आहे त्यांची चैन आहे.

आणि पैसे असले तरी जागा मिळतेच असे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पैसे मोजण्याची तयारी असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेले आहे. मराठी पत्रसृष्टीत आपल्यासाठी जे पान कोरे राहिले, ते कोणत्याही कलादिग्दर्शकाने कोरे ठेवलेले नव्हते.

येथे कोणी विचारील, मग साधेपणाला, कमीपणाला तुमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. आपण ज्या परंपरेचा वारसा सांगतो तिने ‘कमी’चे मोल जगाला शिकवले. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूच्या पात्राविषयी नियम आहे. सोन्याचे पात्र नको, रुप्याचे नको, तांब्याचे नको, काशाचेही नको. दोनच पात्रे चालतील : लोखंडाचे आणि मातीचे. आता हा नियम मनूच्या नियमाशेजारी ठेवून पाहा. लोखंड दोन्हीकडे आहे. मातीचे म्हणाल तर, पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी बांधलेले मडकेही मातीचेच होते. वस्तू तीच, पण एका ठिकाणी ती माणसाने स्वतः स्वीकारली आहे आणि संघात आलेल्या राजपुत्रालाही तोच नियम लागू आहे. दुसऱ्या ठिकाणी ती एका जातीवर लादली आहे आणि लादणारा स्वतः चांदीच्या ताटात जेवतो आहे. निवडलेले कमी आणि लादलेले कमी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोणत्याही साधेपणापुढे उभे राहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : हे कमी कोणी ठरवले, आणि कोणासाठी?

हाच प्रश्न ‘घरच्या घरी’ या शब्दांना विचारू या. जाहिरातीच्या भाषेत त्यांचा अर्थ सोय असा आहे. पार्लरला जायला नको, वेळ वाचतो, पैसा वाचतो. आपल्या वस्तीत या शब्दांना आणखी एक अर्थ होता. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, त्यांना पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता. म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापी आणि सरावाने त्या कामात तरबेज झाली होती. ही ‘घरच्या घरी’ निगा सोयीची नव्हती, ती बहिष्काराची होती. अस्पृश्यता हा शब्दच त्वचेचा आहे. स्पर्श त्वचेला होतो, विटाळही त्वचेलाच चिकटवला गेला. त्वचेची निगा हा विषय आपल्यासाठी केवळ प्रसाधनाचा कधीच नव्हता.

आणि ज्याचा धंदाच परक्याच्या त्वचेला हात लावण्याचा, त्या न्हाव्याला बुद्धाच्या संघात कोणते स्थान मिळाले? शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला गेले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली बरोबर होता. आमचा शाक्यकुळाचा गर्व मोडावा म्हणून याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, अशी विनंती राजपुत्रांनीच केली. हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. पात्र काशाचे असू नये, हा नियम ज्या विनयात आहे तो पहिल्या संगीतीत उपालीला विचारून पक्का केला गेला, असे परंपरा सांगते.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ‘काळे’. काशाच्या वाटीने तळपाय घासले की थोड्या वेळाने तळपायावर करडा-काळा लेप दिसू लागतो. घरात त्याला ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणतात. बाजारात त्याला शरीरातले विष, मळ, ‘टॉक्सिन’ म्हणतात. वस्तुतः काशात तांबे आहे. तूप-तेलातील आम्ले आणि घाम यांचा तांब्याशी संयोग होतो, घर्षणाने धातूचे सूक्ष्म कण सुटतात, आणि तो काळा रंग तयार होतो. पाय चोळल्याने आराम मिळतो हे खरे आहे; पण त्या आरामाचा पुरावा म्हणून जो काळेपणा दाखवला जातो तो माणसाच्या शरीरातून आलेला नसतो.

ही केवळ रसायनशास्त्रातली दुरुस्ती नव्हे. काळे ते घाण, काळे ते बाहेर काढायचे, ही धारणा या देशात जुनी आहे आणि बाजाराने तिच्यावर मोठे भांडवल उभे केले आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. गोरे झाल्याशिवाय नोकरी नाही, लग्न नाही, असे सांगणाऱ्या जाहिराती दोन पिढ्यांनी पाहिल्या. गडद रंगाच्या माणसाला कमी लेखू नये, असे जाहिरात मानक परिषदेला २०१४ साली नियमावली काढून सांगावे लागले. २०२० साली अमेरिकेत काळ्यांचे आंदोलन पेटले तेव्हा कुठे त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि तिथे ‘ग्लो’ आला. शब्द बदलला. चकाकीच्या आड गोरेपणाच बसला आहे की नाही, हे ज्याने त्याने आरशासमोर तपासावे. काशाच्या वाटीची जाहिरात तर याहून पुढे जाते. वाटीने स्वतःच काळे निर्माण करायचे आणि मग ते तुमच्यातून निघाले म्हणून सांगायचे! आपल्या समाजव्यवस्थेने हेच केले. गावाची घाण ज्याच्या हाती दिली, त्यालाच घाण ठरवले.

आणखी एक गंमत पाहा. पुरुषसूक्ताने शूद्राला पायापासून जन्माला घातले आणि मुखाचा मान ब्राह्मणाला दिला. तळपायाची ही वाटी आता मुखावर चढली आहे. पण चढताना तिने कासाराचे नाव खाली टाकले, तळपाय टाकला, पायात वहाण नसलेल्याच्या भेगा टाकल्या. कोऱ्या पानावर उरली ती फक्त चकाकी.

यातले बरेचसे मी त्या विद्यार्थिनीला सांगितले. ती म्हणाली, “सर, एवढं सगळं मिनिमलमध्ये कसं बसणार?” प्रश्न रास्त होता. जाहिरात म्हणजे प्रबंध नव्हे. मी एवढेच म्हटले, की सगळे बसवू नकोस. जे खोटे आहे ते काढ आणि जे काढले जाते त्यातले एक परत ठेव. ती भंडाऱ्याच्या भांडेबाजारात जाऊन आली. नव्या कागदावर वाटी होती, तिच्यावरचे हातोडीचे ठोके या वेळी दिसत होते, आणि शेजारी एक तळपाय होता, गव्हाळही नाही, चांगला काळासावळा. खाली लिहिले होते : ‘तांबे, कथील आणि कासाराचा हात. हा काळेपणा वाटीचा आहे, तुमचा नाही.’

शब्द अकराच आहेत. परंतु त्यांत कोणालाही कमी लेखलेले नाही, कोणताही दावा फुगवलेला नाही, आणि कारागीर पानावर आहे. अल्पाक्षरी जाहिरातीवर माझा आक्षेप तिच्या अल्पाक्षरांना नाही. काय गाळायचे याचा अधिकार आजवर ज्यांच्या हाती होता, त्यांनी नेमके आपल्याला गाळले, यावर आहे. आता आपली मुले-मुली वाणिज्य शिकत आहेत, चित्रकला शिकत आहेत, उद्या जाहिरात संस्थांत बसतील. गाळण्याची कात्री त्यांच्याही हाती येईल. त्या वेळी त्यांच्या सौंदर्यदृष्टीची कसोटी एकच असेल : पान कितीही कोरे ठेवा, पण माणूस पुसून ते कोरे करू नका.