सुप्रजनन

फ्रान्सिस गाल्टन हा चार्ल्स डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा. १८८३ साली त्याने ग्रीकमधला ‘चांगले’ या अर्थाचा ‘यू’ आणि जन्मवाचक ‘जेन’ जोडून ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. मराठीत त्याचे ‘सुप्रजनन’ झाले. ‘चांगल्या’ माणसांची संतती वाढवायची आणि इतरांची रोखायची, अशी चळवळच या नावाने उभी राहिली. कादंबरीकार ना. सी. फडके यांनीही १९२७ साली तिचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिची आई, ती स्वतः आणि तिची तान्ही लेक, तिघीही मंदबुद्धी, असा दावा होता. तीच लेक पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत झळकली! ‘सु’ कोणाला म्हणायचे हे ठरवणारे नेहमी वरच्या पायरीवरचे. या शब्दातले खरे विष मला तिथेच दिसते.

आपल्याकडे जातीलाही सुप्रजननाचा मुलामा देऊन झाला. १९३६ साली छापलेल्या, प्रत्यक्ष देताच न आलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्याचा खरपूस समाचार घेतला: प्रश्न रक्तशुद्धीचा असेल, तर सहभोजनाला बंदी कशासाठी? एका पंगतीत जेवल्याने कोणाचे रक्त बिघडत नाही.