उकलता न येणारे घर

मुळशी तालुक्यात सपाट गच्चीचे घर बांधणे म्हणजे पावसाला आव्हान देणे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरून आषाढात जो पाऊस उतरतो, त्याला उतरते कौलारू छप्परच मानवते. तरीही आमच्या आजोबांनी १९५८ साली सिमेंटचा स्लॅब घातला, पुढे लांबलचक छज्जा काढला, जिन्याला सिमेंटची जाळी बसवली आणि जमिनीला मोझेकच्या लाद्या घातल्या. गेल्या वर्षी हे घर दुरुस्तीला काढले, तेव्हा त्यांच्या हट्टामागचा इतिहास मला थोडाबहुत उमगला.

तो काळच काँक्रीटचा होता. तिकडे १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली चंदीगडचे काम चालले होते. सरळ रेषा, उघडे काँक्रीट, ऊन अडवणाऱ्या जाळ्या यांचा बोलबाला होता. ती हवा पुण्यातल्या बंगल्यांना लागली आणि पौडच्या रस्त्याने आमच्यापर्यंतही आली. पण सिमेंट परवान्यावर मिळत असे. एकेका गोणीसाठी हेलपाटे घालायचे, हा खटाटोप नुसत्या हौसेखातर कोणी करीत नाही.

आमचे मूळ घर मुळशीच्या धरणात गेले. टाटांच्या या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा अखेर फसला. मुळेचे पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवण्यात आले, १९२७ साली खाली कोकणात भिऱ्याचे वीजघर सुरू झाले आणि वीज मुंबईकडे गेली. आजोबांनी घर बांधताना भिंतींत विजेच्या तारांसाठी नळ्या घालून ठेवल्या होत्या. आमच्याकडे दिवा लागला त्यानंतर दहा-बारा वर्षांनी! तोवर त्या नळ्यांत मुंग्यांचे बिऱ्हाड होते.

पणजोबांचे घर लाकडी, भिंती कारवीच्या कुडाच्या. पाणी चढण्यापूर्वी त्यांनी ते उकलले. कौले उतरवली, वासे, मेढी, दारे बैलगाडीत घातली आणि वर येऊन नवे खोपट उभे केले. त्यातली एक सागवानी तुळई आजही आमच्या माजघरात स्लॅबखाली आहे. जुने घर असे उकलून नेता येई. म्हणूनच की काय, ‘घर हलवा’ असे सांगणाऱ्यालाही फारसे जड जात नसे. स्लॅबचे घर हलत नाही, ते फोडावे लागते. आजोबांना नेमके हेच हवे असावे, असे माझे मत आहे.

पण पाऊस त्यांच्या स्लॅबमध्ये मुरला होता. पाणी शिरले की आतली सळई गंजते, गंज लोखंडाहून जास्त जागा मागतो आणि खालचे काँक्रीट पोपडे धरून सुटते. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पाडूनच टाकू. एवढ्या पैशांत नवे होईल.” त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली मांडून आईचे हात दुखायला आले होते.

मिस्त्रीने स्लॅब हातोडीने ठोकून पाहिला. “मास्तर, चुलीवरचा गेलाय. बाकीचा आवाज भरीव हाय.”

मग टेकू दिले, पोकळ भाग फोडला, सळया घासल्या, जिथे बारीक झाल्या होत्या तिथे नव्या जोडल्या. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला आणि त्यावर पत्र्याची उतरती शेड घातली. शेड दिसायला वाईटच. आजोबांची ती सरळ रेषा तिने पार घालवली.

तुळई कशाचाच भार घेत नाही, हेही तेव्हाच कळले. तिच्यात आणि स्लॅबमध्ये दोन बोटांची फट आहे. मिस्त्रीने विचारले, “काढू का?”

“असू दे,” भाऊ म्हणाला, आणि तेलाची वाटी आणायला आत गेला.