सूत्रधाराची तार

शाळेच्या स्नेहसंमेलनातली एक चूक सांगते आणि मग इतिहासाकडे वळते. कारण या इतिहासाच्या मागे मी लागले ती त्या चुकीमुळेच.

भाड्याचं सभागृह होतं. नाटिकेची संहिता मी लिहिलेली, म्हणून कार्यक्रमाची सूत्रंही माझ्याकडेच आली. साउंडवाले काका आमच्या जरीपटक्याचेच, सिंधी, साठीच्या पुढचे. पडदा उघडायच्या आधी त्यांनी माझ्या हातात साबणाच्या डबीएवढी एक काळी पेटी ठेवली आणि म्हणाले, ''मॅडम, ये बेल्टपॅक है. कमर को लगाओ.'' सलवार-कमीजला पट्टा कुठला? शेवटी ओढणीचं टोक कमरेभोवती घट्ट बांधलं आणि त्यात पेटीची क्लिप अडकवली. स्कार्फवरून हेडसेट चढवला. एका कानावर स्पीकर, तोंडासमोर छोटा माइक, दुसरा कान रंगमंचासाठी मोकळा. पेटीवर एक आवाजाचं चाक, एक बोलण्याचं बटण, एक दिवा. माझ्यासारख्याच पेट्या आणखी चौघांच्या कमरेला होत्या : लाइट, साउंड, विंग आणि पडदा. पडद्यावर आमचाच दहावीचा एक विद्यार्थी होता.

दुसऱ्या प्रवेशात सातवीतला एक मुलगा मराठी संवाद विसरला. उर्दू माध्यमाचा. तो उभा, समोर पालक गप्प. मी स्वतःशीच पुटपुटले, ''मराठी येत नाही तर याला उभं कुणी केलं?''

कानात काकांचा आवाज आला, ''मॅडम, आपका बटन चालू है.''

पडद्याच्या दोरीपाशी उभा असलेला दहावीचा मुलगा त्या मुलाचा सख्खा मोठा भाऊ होता.

त्या रात्री झोप लागली नाही. नंतर कित्येक दिवस ही पेटी डोक्यातून जाईना. माणसाने माणसाला, तिसऱ्याला ऐकू न जाता, अगदी वेळेवर खूण कशी करायची, हा प्रश्न या पेटीपेक्षा फार जुना आहे.

आमच्या वस्तीचं नावच पाहा. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचं सोनेरी जरीचं निशाण. आज इथली ओळख फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांची बाजारपेठ अशी आहे. पण नाव मात्र एका खुणेचं आहे. लांबून दिसेल, धुरळ्यातही ओळखू येईल, सैनिकाला आपली माणसं कुठे आहेत ते कळेल, यासाठी निशाण असतं. जोडीला नगारा आणि कर्णा. पण निशाण दिसलं नाही, नगारा ऐकू आला नाही, तर? 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर इब्राहिमखान गारदीचे तोफा-बंदुकांचे गारदी शिस्तीने रोहिल्यांना मागे रेटत होते. आपल्याच घोडेस्वारांच्या तुकड्या रांग मोडून पुढे घुसल्या आणि त्यांच्या तोफांच्या आड आल्या, असं त्या लढाईच्या वर्णनांत वाचायला मिळतं. शौर्यात कोणीच कमी नव्हतं. एकाचा इशारा दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचला नाही. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला. पानिपताची चर्चा करताना आपण फितुरी, उपासमार, हट्ट यांवर पानंच्या पानं लिहितो. निरोप पोचवण्याच्या व्यवस्थेवर मात्र क्वचितच थांबतो.

आपल्या घरातलंच दुसरं उदाहरण मशिदीचं. लाउडस्पीकर नव्हते तेव्हा ईदच्या मोठ्या जमातीत इमामाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणं अशक्यच. म्हणून मधे मुकब्बिर उभे असत. इमामाने तकबीर म्हटली की मुकब्बिर ती उंच आवाजात पुढे देणार, मग पुढच्या टप्प्यावरचा आणखी पुढे. हजारो माणसं एका वेळी झुकत ती या साखळीमुळे. मुकब्बिराने स्वतःचं काही जोडायचं नसतं. आलं तेवढं, आलं तेव्हा, पुढे द्यायचं. आजही कित्येक ठिकाणी वीज गेली तर अडायला नको म्हणून मुकब्बिर नेमलेले असतात.

दुसरा माणूस सामे. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज पाठ कुराण म्हणतो, तेव्हा त्याच्या मागे पहिल्या रांगेत आणखी एक हाफिज फक्त ऐकायला उभा असतो. पढणारा अडला किंवा चुकला की तो लगेच पुढचे शब्द पुरवतो. याला उर्दूत लुकमा देणं म्हणतात. लुकमा म्हणजे घास. माझे नाना कामठीला वर्षानुवर्षं सामे होते. लोक इमामाला ओळखत. नानांना फारसं कोणी ओळखत नसे. ते म्हणायचे, लुकमा लवकर दिला तर पढणारा गोंधळतो, उशिरा दिला तर त्याची लाज जाते. त्यांचं सगळं कौशल्य त्या मधल्या क्षणाचं होतं.

आता मराठी रंगभूमीकडे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीला 'सीता स्वयंवर' सादर केलं, तेव्हापासून आपण आधुनिक मराठी नाटकाचं वय मोजतो. त्या नाटकांत सूत्रधार स्वतः रंगमंचावर असे. पदं म्हणून कथानक तोच पुढे नेत असे. सूत्रधार या शब्दाचा अर्थ सूत्र म्हणजे दोरा धरणारा. नाटक जसजसं बदललं तसा हा दोरा धरणारा माणूस आत, विंगेत गेला. प्रेक्षकांसाठी त्याची एकच खूण उरली : तिसरी घंटा. पहिल्या दोन घंटांना चहा संपवायचा, तिसरीला जागेवर बसायचं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण ही घंटा प्रेक्षकांइतकीच आतल्या लोकांसाठीही असते. पडदेवाला, पेटीवाला, रंगभूषेतला नट, सगळ्यांना कळतं की आता सुरू.

सुरू झाल्यावर मात्र घंटा वाजवता येत नाही. मग डोळ्यांची खूण, हाताचा इशारा, विंगेतली कुजबूज. संगीत नाटकात हे काम तर फार नाजूक. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. गद्य संपून पद नेमकं कधी सुरू होणार, नट आणखी एक आवर्तन घेणार की पुढच्या वाक्यावर येणार, हे त्यांनी नटाच्या श्वासावरून ओळखायचं. त्यांच्यामध्ये तार नव्हती, दिवा नव्हता. होता तो कान. मराठी संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ सांगताना ही नावं ओझरती येतात. माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलांना ती मी मुद्दाम सांगते. मराठी नाटक हे दुसऱ्याच्या घरचं आहे, असं त्यांना वाटू नये म्हणून.

आमच्या विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर हा मोठा माणूस. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव निघतात, नाटक रात्रभर चालतं. आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरं. एवढ्या संहिता नटाने पाठ तरी किती करायच्या? प्रॉम्प्टर वही धरून बसतो, वाक्य पुरवतो, आणि नट ते असं उचलतो की बघणाऱ्याला रडू यावं. सामे आणि प्रॉम्प्टर ही एकाच कामाची दोन नावं आहेत, हे मला फार उशिरा सुचलं.

मग तार कुठून आली? टेलिफोन 1876 चा. पण कानावर घट्ट बसणारा, हात मोकळे ठेवणारा चांगला हेडफोन यायला 1910 उजाडलं. अमेरिकेतल्या नॅथॅनियल बाल्डविन याने तो बनवला आणि तिथल्या नौदलाला विकला. जहाजांवर, लढाईच्या गोंगाटात, हुकूम देण्या-घेण्यासाठी असली साधनं वापरात आली. नाटकघरांतही टेलिफोन आणि खुणेचे दिवे आले : लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे कर.

खरी अडचण झाली ती 1960 नंतरच्या रॉक संगीताच्या मैफलींत. आवाज इतका की साध्या टेलिफोनवर काही ऐकूच येईना; आणि एकाच तारेवर जास्त माणसं जोडली की प्रत्येकाचा आवाज बारीक होत जाई. 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बॉब कोहेन आणि चार्ली बटन या दोघांनी यावर तोड काढली आणि त्यातून 'क्लिअर-कॉम' ही कंपनी उभी राहिली. युक्ती अशी की आवाज मोठा करणारं यंत्र एकाच जागी न ठेवता प्रत्येकाच्या कमरेच्या पेटीतच बसवायचं. त्यामुळे तारेवर दहावा माणूस आला म्हणून पहिल्याचं ऐकणं कमी होत नाही. आणि प्रत्येकजण आपल्या गरजेप्रमाणे आवाज वाढवू शकतो.

बाकी मांडणी साधी आहे. काकांनीच मला ती पेटी उघडून समजावली. एका टोकाला मुख्य स्टेशन. तिथून माइकचीच तीन पिनांची केबल निघते. एक पिन जमिनीची, एकीवर पेट्यांना लागणारी वीज, साधारण 30 व्होल्ट, आणि तिसरीवर सगळ्यांचा आवाज. केबल एका पेटीत शिरते, तिथून निघून दुसरीत. पेटीत बॅटरी नाही, त्यामुळे ऐन तिसऱ्या अंकात ती संपायची भीती नाही. बिनतारी संच आले तरी ही तार अजून टिकून आहे त्याचं कारण हेच. शिवाय सभागृहात शेकडो मोबाइल असले तरी तिला फरक पडत नाही. तार कुठे तुटली तेही पायाने चालत जाऊन शोधता येतं.

या व्यवस्थेला इंग्रजीत 'पार्टी लाइन' म्हणतात. सगळे एकाच तारेवर. एकाचं बोलणं सगळ्यांना. खाजगी असं काही नाही. म्हणूनच तिचे नियम कडक. बटण दाबून धरलं तर तेवढ्यापुरतं बोलता येतं, सोडलं की बंद. हलकेच एकदा दाबून सोडलं तर ते चालूच राहतं; पुन्हा दाबेपर्यंत तुमचा श्वाससुद्धा सगळ्यांच्या कानात. माझी चूक इथेच झाली. आधी इशारा द्यायचा, ''पडदा, तयार''. समोरच्याने ''पडदा तयार'' असं उलट म्हणायचं. मग क्षण आला की एकच शब्द, ''गो''. हा शब्द एरवी गप्पांत चुकूनही वापरायचा नाही. नाहीतर कोणीतरी पडदा पाडून मोकळा होतो. कोणी हेडसेट काढून ठेवला असेल तर कॉलचं बटण दाबायचं. सगळ्या पेट्यांवरचे दिवे लुकलुकतात. आणि बोलायचं नसेल तेव्हा बटण बंद. शंभरातली नव्वद मिनिटं फक्त ऐकायचं.

तारेवर भाषा कोणती, हाही प्रश्न आहेच. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हबीब तनवीर पुढे छत्तीसगढच्या खेड्यातल्या कलावंतांना घेऊन नाटकं करू लागले. सुरुवातीला त्यांनी त्यांना हिंदीत बोलायला लावलं, उजवीकडे जा, डावीकडे थांबा अशा शहरी तालमीच्या सूचना दिल्या. ते उत्तम नट अवघडून गेले. आपलं चुकतंय हे कळायला तनवीरांना बरीच वर्षं लागली. त्यांनी छत्तीसगढी बोलू दिली, हालचाली मोकळ्या सोडल्या आणि तेच नट उजळून निघाले. 'चरणदास चोर' त्याच वाटेवरचं. नट अडखळला तर दोष त्याच्या येण्या-न येण्याचाच असतो असं नाही. आपण सूचना कशी दिली, तेही तपासावं लागतं.

आता त्या रात्रीकडे परत येते. माझं बोलणं तारेवरून गेल्यावर काही क्षण कोणीच बोललं नाही. पण नाटिका थांबत नाही. प्रवेश संपत आला, मला इशारा द्यावाच लागला. ''पडदा, तयार.'' पलीकडून आवाज आला, ''पडदा तयार, मॅडम.'' न थरथरता. मी ''गो'' म्हटलं आणि पडदा अगदी वेळेवर पडला. त्याने माझ्यावरचा राग दोरीवर काढला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि माफी मागितली. तो हेडसेटची तार गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, ''मॅडम, उसको सब याद था. किसीने लुकमा दे दिया होता तो बोल देता.''

मला नाना आठवले. माझ्या तोंडासमोर माइक होता. विंगेतल्या माणसाच्या कानापर्यंत माझी तार जात होती. ''त्याला पुढचा शब्द सांग'' एवढं मी म्हटलं असतं तर ते दोन सेकंदांत झालं असतं. घास भरवण्यासाठी दिलेल्या तारेवरून मी शेरा मारला होता.

त्यानंतरच्या संमेलनात विंगेतल्या बेल्टपॅकवर मी संहिता हातात घेतलेला प्रॉम्प्टर बसवला. ते काम त्या दहावीच्या मुलाच्या धाकट्या भावानेच मागून घेतलं. तो आता आठवीत होता. तालमीत त्याला पहिल्यांदा शिकवलं ते बटण बंद करायला. दुसऱ्या अंकात मराठी माध्यमाची एक मुलगी उर्दू शेरावर अडली, तेव्हा त्याने पुढचे दोन शब्द हळूच दिले. प्रेक्षकांपैकी कोणालाही कळलं नाही.