झुंबर, कंदील आणि आपल्या हॉलमधला दिवा

रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये मोठा टांगता दिवा लावायचं कमिटीने ठरवलं. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये शब्द होता 'शॅन्डेलियर'. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "अहो, सरळ झुंबर लिहा की!" त्यावर एक तरुण सभासद म्हणाले, "काका, झुंबर वाड्यातलं. हे एलईडीचं आहे." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन शब्दकोश काढून बसलो. निवृत्त माणसाला हा उद्योग परवडतो.

शॅन्डेलियर हा फ्रेंच शब्द, मूळ अर्थ मेणबत्त्या लावायची बैठक. लॅटिनमध्ये मेणबत्तीला 'कान्देला' म्हणत. तोच शब्द ग्रीकमधून अरबीत गेला, 'कन्दील' झाला आणि फारसीबरोबर आपल्याकडे येऊन कंदील झाला. म्हणजे हा शॅन्डेलियर आणि दिवाळीत आपण गॅलरीत टांगतो तो आकाशकंदील चक्क चुलत भाऊ! मूळ धातूचा अर्थ चकाकणे, आणि संस्कृत 'चंद्र'शीही त्याचं नातं भाषाशास्त्रज्ञ जोडतात. निवडणुकीतला 'कँडिडेट'सुद्धा याच घराण्यातला, कारण रोममध्ये उमेदवार पांढराशुभ्र झगा घालून मतं मागत. आपल्याकडे कापड बदललं, रंग तोच राहिला.

झुंबर मात्र या कुळातलं नाही. हिंदीत झूमर म्हणतात, आणि झूमना म्हणजे डुलणं. तिकडे झूमर हा बायकांनी डोक्यावर एका बाजूला लावायचा दागिनाही आहे. आपणही फुलांच्या लोंबत्या घोसाला झुंबर म्हणतो. शब्दात उजेड कुठेच नाही, आहे ते लोंबणं आणि डुलणं. गंमत म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अठराव्या शतकात काचेच्या फुलापानांची जी झुंबरं होत, त्यांना तिथे 'चोक्का' म्हणत, म्हणजे फुलांचा गुच्छ!

त्याआधी 1674 मध्ये इंग्लंडात रेव्हन्सक्रॉफ्टने नव्या काचेचं पेटंट घेतलं. शिसं मिसळलेली ही काच पैलू पाडायला सोपी आणि झगमगणारी. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने आपल्या संस्थानिकांना भरपूर झुंबरं विकली. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधलेल्या जयविलास राजवाड्यात दोन प्रचंड झुंबरं आहेत, प्रत्येकी साडेतीन टनांची सांगतात. छत पेलेल का, हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते म्हणे. बँकेत आम्ही याला 'मार्जिन' म्हणायचो.

या साऱ्यात मला सर्वांत आवडणारा शब्द म्हणजे लोलक. झुंबराला लटकणारा काचेचा तुकडा लोलक, दागिन्यातलं लोंबतं पदकही लोलक, आणि घंटेतला, घड्याळातला हलणारा तोही लोलकच.

1978 साली मी एका तालुक्याच्या गावी नवखा अधिकारी होतो. कर्जवसुलीत एका जुन्या वाड्यातल्या सामानाची यादी करायला कोर्टाच्या बेलिफाबरोबर मला पाठवलं. माजघरात झुंबर होतं. मी लिहिलं, 'दिवा, काचेचा, टांगता, नग एक.' घरातल्या आजी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, दिवा नाही हो, झुंबर लिहा. आणि लोलक मोजून घ्या. अठ्ठेचाळीस आहेत. पुढे कमी निघाले तर आमच्यावर नको."

मी स्टुलावर चढून मोजले. सत्तेचाळीस भरले. आजी आत गेल्या आणि देवघरातून एक लोलक पदरात पुसत घेऊन आल्या. नात त्यातून भिंतीवर रंग पाडायची म्हणे. तो मी जागेवर अडकवला आणि अठ्ठेचाळीस लिहिले. तेव्हा हे चोख काम वाटलं होतं. आज वाटतं, सत्तेचाळीस लिहिले असते तर बँक काही बुडाली नसती.

तर सभासदहो, हॉलमधल्या दिव्याला लोलक आहेत, अॅक्रिलिकचे का होईना. ठरावाचा मसुदा माझ्याकडे होता. त्यात मी 'झुंबर, नग एक' असं लिहिलं आहे.